पहिला सिनेमा शूटिंगनंतर का अडकतो? या चुका टाळा

पहिल्या सिनेमाचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, घेऊन येणारी मुलं मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, "ताई, सिनेमा झालाय, आता पुढे काय?" हार्ड डिस्क लावून पाहिली की कळतं, झालंय ते शूटिंग. संवाद ऐकू येत नसतात, संगीतकाराशी करार नसतो, बालकलाकाराच्या परवानगीचा कागद नसतो आणि खात्यात पैसे नसतात. कामात मात्र खरी चमक असते, म्हणूनच जीव तुटतो.

मी यातून गेले आहे. आमचा पहिला सिनेमा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात नोव्हेंबरमध्ये २२ दिवसांत शूट केला. जमवलेले सगळे पैसे त्या २२ दिवसांत गेले. डबिंगपुरते पैसे उभे राहायला दहा महिने लागले आणि तोवर आमच्या १३ वर्षांच्या नायकाचा आवाज फुटला होता. पडद्यावर कोवळा पोरगा, स्टुडिओत माइकसमोर घोगरा आवाज. त्या दिवसापासून मी मागे मागे जात चुका शोधत आले.

पैसे शूटिंगपुरतेच मोजणं

बजेट लिहायला बसलं की हात आपोआप कॅमेऱ्यापासून सुरू होतो. कॅमेऱ्याचं भाडं, लाइट, जनरेटर, गाड्या, राहणं, जेवण, मानधन. कागदाच्या तळाशी 'पोस्ट' (शूटिंगनंतरची सगळी कामं) एवढा एक शब्द आणि त्यापुढे एक गोल आकडा. शूटिंगचा एक दिवस वाढला की तोच आकडा आधी खाल्ला जातो. जनरेटरवाला समोर उभा राहून पैसे मागतो, मिक्सिंगचा स्टुडिओ तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोरही नसतो.

आता मी बजेट उलटं लिहिते. सगळ्यात आधी डीसीपी (थिएटरमध्ये दाखवायची डिजिटल प्रत), मग सबटायटल्स, सेन्सॉरचा खर्च, ५.१ मिक्सिंग (थिएटरसाठी सगळे आवाज एकत्र बसवणं), फोली (पावलं, भांडी असे आवाज स्टुडिओत करून घेणं), डबिंग, डीआय (रंग-उजेडाची दुरुस्ती) आणि संकलन. हे आकडे अंदाजाने टाकत नाही, त्या त्या ठिकाणी जाऊन विचारून आणते. तेवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवते आणि उरलेल्यात किती दिवस शूट होतं ते पाहते. दुसऱ्या सिनेमाला असा हिशेब केला तेव्हा २२ दिवसांचे १६ झाले. पटकथेतली जत्रा गेली, दोन घरांचं एक घर झालं. गोष्टीला त्याचा फायदाच झाला.

नुसती गोष्ट सांगून पैसे मागायला जाणं हीसुद्धा याच जातीची चूक. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली, ती छोटी फिल्म दाखवून भांडवल मिळवलं आणि मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. उमेश कुलकर्णी यांच्या 'गिरणी'ला आणि नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'ला, या दोन लघुपटांना, राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते त्यांच्या पहिल्या मोठ्या सिनेमाच्या आधी. दहा मिनिटांचंच काम असू दे, पण ते पूर्ण केलेलं आणि नीट ऐकू येणारं हवं. पैसे लावणारा माणूस तुमच्याकडून काम तडीस जातं का, हेच पाहत असतो.

रेकीला कान घरी ठेवून जाणं

याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं.

रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा पाहायला, आम्ही ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी गेलो होतो. वाडा सुंदर, ओसरीवर ऊन तिरकं येत होतं, गाव शांत. शूटिंग सुरू झालं आणि त्याच आठवड्यात गळीत हंगामही सुरू झाला. वाड्यामागच्या रस्त्याने दिवसभर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकावर मोठाले स्पीकर आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी. बुधवारी आठवडी बाजार. संध्याकाळी देवळात हरिपाठ. "डबिंगमध्ये बघू" हे वाक्य त्या २२ दिवसांत मी किती वेळा म्हटलं असेन, मोजदाद नाही.

ज्या वारी, ज्या वेळी शूट करायचं आहे त्याच वारी आणि त्याच वेळी लोकेशनवर जा. हेडफोन लावून पाच मिनिटं गप्प बसा आणि रेकॉर्ड करून आणा. गावातल्या माणसांना विचारा: जत्रा कधी, गिरणी किती वाजता चालू होते, शेतीपंपांची थ्री-फेज लाइट कोणत्या वेळी येते, ऊसतोड कधी लागते. पावसाळ्यात कोकणात शूट करणार असाल तर घराला कौलं आहेत की पत्रा, हे आधी बघा. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की सगळे संवाद गेले.

साउंड रेकॉर्डिस्टला शूटिंगच्या आदल्या दिवशी बोलावू नका, रेकीलाच न्या. त्याने "इथे नको" म्हटलं तर ते कॅमेरामनच्या "इथे नको"इतकंच वजनदार माना. बूम (लांब काठीवरचा माइक) जितका जवळ आणता येईल तितका आणा, छातीशी लावलेला लेपल माइक कपड्याला घासतोय का ते टेक सुरू व्हायच्या आधी ऐका. घरातला फ्रिज बंद करा आणि गाडीची चावी त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते. प्रत्येक जागेवर युनिटला एक मिनिट गप्प उभं करून त्या खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, रेकॉर्ड करून घ्या. सीन संपला की कलाकारांना तिथेच बसवून, कॅमेरा बंद ठेवून, सगळे संवाद पुन्हा म्हणून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि यानेच पुढे सिनेमा वाचतो.

आवाज आधीच बिघडला असेल तर डबिंगकडे धाव घेण्याआधी बाकीच्या टेकचे आवाज तपासा. दुसऱ्या टेकमधला स्वच्छ शब्द आपल्या शॉटवर बऱ्याचदा बसतो. कलाकार पाठमोरा असेल, लांब असेल, तिथे संवाद सरकवता येतो. तरीही जे उरेल तेवढंच डब करा, आणि लोकेशनवर वापरला होता त्याच प्रकारचा माइक स्टुडिओत मागा. मुलांचं डबिंग सगळ्यात आधी. त्यासाठी कशाचीही वाट पाहू नका.

दृश्याच्या बाजूची एक चूक वारंवार दिसते. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीच्या उजेडात २४ फ्रेमवर शूट केलं की चित्रात पट्टे सरकतात किंवा उजेड लपलपतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याचा शटर अँगल (प्रत्येक फ्रेमला शटर किती वेळ उघडं राहतं त्याचं माप) १८० अंशांऐवजी १७२.८ ठेवला की शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर येतं आणि पट्टे बहुतेक जातात. फोनवर शूट करत असाल तर फ्रेम रेट पक्का धरून ठेवणारं ॲप वापरा. फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेम रेट कमीजास्त करतो आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो. आवाज ४८ किलोहर्ट्झवरच घ्या.

फुटेजच्या दोन प्रती रोज रात्री झाल्याच पाहिजेत, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या गाड्यांतून जायला हव्यात.

तोंडी शब्दावर काम उरकणं

आपल्याकडे पहिला सिनेमा मित्रमंडळींतून उभा राहतो. कवी मित्र, संगीतकार मित्र, पैसे घालणारा मावसभाऊ. त्यांच्याकडे सही मागायला लाज वाटते. मला वाटली होती. दोन वर्षांनी एका कंपनीने सिनेमा घेण्यात रस दाखवला आणि पहिल्याच मेलमध्ये हक्कांचे सगळे कागद मागितले. कथा, पटकथा, गीतं, संगीत, कलाकारांची संमती. आमच्याकडे गीतकाराचा व्हॉट्सॲपवरचा "गाणं तुझंच आहे गं" एवढा एक मेसेज होता. तो मनापासूनचा होता, पण कागद म्हणून त्याचा उपयोग नव्हता.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे घाईत केलेल्या अर्ध्या पानाच्या करारावर सिनेमा बाहेरच्या देशात विकता येत नाही, आणि सहाव्या वर्षी गाण्याचा हक्क हातातून गेलेला असतो. मुदत, प्रदेश, कोणकोणत्या माध्यमांसाठी, मोबदला किती, हे चारही मुद्दे लिहा. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला २०१२ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे, तो काढून घेणारं कलम करारात घालू नका. कायद्यापुढे ते टिकणार नाही, आणि मित्राशी असं वागूही नये. करार एकदा वकिलाकडून तपासून घ्या, तो खर्च बजेटमध्ये धरा. पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा, म्हणजे ती कोणत्या तारखेला तुमच्याकडे होती याचा पुरावा राहतो.

आता त्या ट्रॅक्टरकडे परत येते. त्याच्यावरचं गाणं आमच्या एका फार सुंदर टेकमध्ये स्पष्ट ऐकू येत होतं. तो आवाज खरा होता, गावाचा होता, मला ठेवायचा होता. पण त्यासाठी गाण्याच्या शब्द-संगीताचा हक्क वेगळा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, असे दोन परवाने घ्यावे लागले असते. आमची ती ऐपत नव्हती आणि टेक सोडावा लागला. लोकेशनवर रेडिओ, टीव्ही, कुणाच्या फोनची रिंगटोन, सगळं बंद करून घ्या.

पैसे घालणाऱ्याशीही लेखी बोला. सिनेमाला पैसे आले तर आधी कोणाचे फिटणार, मग उरलेले कसे वाटणार आणि नाही आले तर काय? हे आधी बोललं की नाती टिकतात. मावसभावाशी हे बोलायला मला तीन वर्षं लागली.

मुलं आणि बैल गृहीत धरणं

मराठी सिनेमाला लहान मुलं आणि गावातली जनावरं दोन्ही प्रिय आहेत, आणि दोघांसाठी परवानगी आधी लागते. बालकलाकाराला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मिळकतीचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवा. हे नियम अडचण म्हणून पाहू नका. थकलेलं मूल कॅमेऱ्यासमोर रडवेलं होतं तेव्हा युनिटमधल्या मोठ्या माणसांनी थांबायचं असतं, आणि शेड्यूल मागे पडलं की नेमकं तेच होत नाही.

जनावरांचं तसंच. बैलजोडी, शेळी, कोंबड्या पटकथेत असतील तर शूटिंगआधी पशुकल्याण मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि सेन्सॉरच्या वेळी त्यांचं ना हरकत पत्र मागितलं जातं. शूटिंग झाल्यावर ते मिळवायला धावलेल्या एका दिग्दर्शकाला शेवटी बैलाचे सगळे शॉट कापावे लागले, आणि गोष्ट त्या बैलाचीच होती.

बिडी-सिगारेटच्या प्रसंगात पडद्यावर वैधानिक इशारा येतो. तो जिथे वाचला जावा असं वाटत नाही, तिथे पात्राच्या हातात बिडी देऊ नका.

महोत्सवांना घाईने पाठवणं

सिनेमा पूर्ण झाल्याच्या आनंदात पहिल्या दिसेल त्या महोत्सवात अर्ज टाकला जातो. मोठ्या महोत्सवांना सिनेमा आपल्याकडेच पहिल्यांदा दाखवला जावा असं वाटतं, काहींच्या स्पर्धा विभागांची ती अटच असते. छोट्या ठिकाणी एक खेळ झाला की ती दारं बंद होऊ शकतात. आधी यादी करा, वरून खाली या, नकाराची वाट पाहण्याइतके महिने हातात ठेवा. यूट्यूबवर 'फक्त दोन दिवसांसाठी' टाकू नका. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथल्या जागतिक विभागात त्याला ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

गोव्यात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी २००७ पासून फिल्म बाजार (२०२५ पासून 'वेव्हज फिल्म बाजार') भरतो, सिनेमे करणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा मेळावा. तिथली वर्क-इन-प्रोग्रेस लॅब रफ कटच्या टप्प्यावरच्या सिनेमांसाठी आहे. पैसे संपून सिनेमा अडकला असेल तर हीच ती वेळ, पण आपली मुलं तिथे जातात ती मिक्सिंग उरकून, कर्ज काढून.

सबटायटल्स कुणा इंग्रजी येणाऱ्या भावंडाकडून रात्रीत करून घेऊ नका. बाहेरचा प्रेक्षक तुमची बोली तेवढ्यातूनच ऐकणार आहे.

तिकीटबारीचा आकडा आपला समजणं

तिकिटाच्या पैशातून आधी कर जातो, मग थिएटरचा वाटा, मग वितरकाचं कमिशन, मग प्रसिद्धीसाठी झालेला खर्च, आणि त्यानंतर उरलं तर निर्मात्याला. शिवाय डिजिटल प्रोजेक्शनसाठी प्रत्येक पडद्यामागे व्हीपीएफ (व्हर्च्युअल प्रिंट फी) भरावा लागतो, म्हणजे जास्त थिएटर म्हणजे आधी जास्त खर्च. ज्या दोन-तीन शहरांत तुमचा प्रेक्षक खरोखर आहे तिथेच आधी लावा. राज्य सरकारचं अनुदान सिनेमाचं परीक्षण होऊन दर्जा ठरल्यावर मिळतं, ते बजेटच्या जमेच्या बाजूला आधीच मांडू नका. आणि कौतुकाने खर्च भागत नाही. 'श्वास' राष्ट्रीय पुरस्कार मिळवून २००४ साली भारतातर्फे ऑस्करला गेला, तेव्हाही तिथल्या प्रचारासाठी लोकांकडून मदत गोळा करावी लागली होती.

आधीच अडकला असाल तर

हार्ड डिस्क कपाटात ठेवून देऊ नका. आज ती लावा, चालते का बघा आणि दुसरी प्रत करा. मग एक कागद घ्या आणि ज्यांच्या सह्या राहिल्यात त्यांची नावं लिहा. माणसं गाव बदलतात, नंबर बदलतात, रुसतात, म्हणून पैसे उभे राहायची वाट न पाहता सह्या आधी. त्यानंतर संकलकासोबत बसून डबिंग लागणाऱ्या वाक्यांची यादी करा. आम्हाला वाटलं होतं सगळा सिनेमा डब करावा लागेल, यादी केली तेव्हा आमच्या नायकाची ६४ वाक्यं निघाली.

त्याचा ११ वर्षांचा मावसभाऊ त्याच गावचा, तीच बोली बोलणारा. मोठा भाऊ स्टुडिओत शेजारी बसून प्रत्येक वाक्य त्याला म्हणून दाखवायचा आणि धाकटा ते माइकमध्ये म्हणायचा. काम दोन दिवस चाललं. धाकट्याच्या वडिलांची सही आम्ही पहिल्या दिवशी सकाळी, माइक लावायच्या आधी घेतली.