तेरा खवल्यांच्या कासवाचा मनगटी पट्टा

उत्तर अमेरिकेतील हौडेनोसौनी या आदिवासी राष्ट्रसंघाच्या सृष्टिकथेत पृथ्वी कासवाच्या पाठीवर विसावलेली आहे. या संघातील मोहॉक लोकांची कासव, लांडगा आणि अस्वल अशी तीन कुळे असून कूळ आईकडून लाभते. सभामंडपातील कासवाला नमस्कार करून गाभाऱ्याकडे वळणाऱ्या सोलापूरकरांना हे प्रतीक परके वाटणार नाही. तरीही तेथे ती घराण्याची ओळख असल्यामुळे कुळाचे प्रचलित चिन्ह जसेच्या तसे न उचलता मण्यांच्या मनगटी पट्ट्यासाठी प्राण्याच्या देहरचनेवरून स्वतःची आकृती आखावी.

कामाचा खरा कस या आखणीतच लागतो. बहुतेक कासवांच्या पाठीवर मध्यभागी पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार असे 13 मोठे खवले असतात, आणि उत्तर अमेरिकेतील अनेक आदिवासी समाज त्यांत वर्षातील 13 चंद्र, म्हणजे चांद्रमास, पाहतात. आलेख कागदावर एक चौकोन म्हणजे एक मणी मानावा; पट्ट्याची रुंदी 21 मण्यांची धरून दोन्ही कडांना दोन-दोन चौकोन पार्श्वभूमीसाठी सोडावेत. पायांचे टोक तेथेच येईल. उरलेल्या 17 चौकोनांत कवचाची कड एक, खवला चार, रेघ एक, मधला खवला पाच, रेघ एक, खवला चार आणि पुन्हा कड एक असा क्रम ठेवावा. लांबीत मधले खवले तीन-तीन ओळींचे, बाजूचे चार-चार ओळींचे आणि दोन खवल्यांमध्ये एका ओळीची रेघ ठेवली की दोन्हीकडे नेमक्या 19 ओळी भरतात. डोके, शेपटी आणि कोपऱ्यांची गोलाई आपल्या नजरेने ठरवावी.

कागदावर हे कासव बसके दिसेल, पण ते लांबवू नये. जकार्ड (नक्षी विणणाऱ्या मागावरच्या) चादरीचा नमुना आलेख कागदावर उतरवणाऱ्या सोलापुरातील कारागिरांना हे सांगावे लागत नाही, कारण उभ्या आणि आडव्या धाग्यांची दाटी वेगळी असली की चौकोनांत काढलेली आकृती विणताना ताणली जाते. मण्याचेही तसेच असते: भोकाच्या दिशेने तो आखूड आणि जाडीला अधिक असतो, म्हणून विणल्यावर कासव आपोआप लांबट होते.

जुन्या लाकडी चौकटीवर 22 उभे धागे, म्हणजे मण्यांपेक्षा एक जास्त, सारख्या ताणाने बांधावेत. 11 नंबरचे काचमणी, मेण लावलेला नायलॉनचा धागा आणि मण्यांची बारीक सुई पुरते. एका ओळीचे 21 मणी ओवून ते उभ्या धाग्यांखालून न्यावेत, बोटाने वर दाबून प्रत्येक मणी दोन धाग्यांमध्ये बसवावा आणि सुई त्याच मण्यांतून, मात्र या वेळी उभ्या धाग्यांच्या वरून, परत आणावी. सुईने धागा टोचला गेला तर पुढे ओळ सरकत नाही, म्हणून येथे घाई करू नये. मनगटाच्या मापाला पट्टा पोहोचला की उभे धागे दोन-दोन करून गाठावेत, खाली मुडपून मागे सुती कापडाची पट्टी शिवावी आणि बटण व फास लावावा.

शोभेसाठी खऱ्या कासवाच्या कवचाचा तुकडा जोडू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो गुन्हा ठरू शकतो. पट्टा विकायचा असल्यास त्यावर ‘हौडेनोसौनी कासवकथेवरून, सोलापुरात विणलेला’ असे लिहावे. आदिवासींनी बनवलेली वस्तू असल्याचा खोटा दावा करून माल विकण्यास अमेरिकेत 1990 च्या कायद्याने बंदी आहे.