विमानात बसल्यावर आधी रांगा मोजा

धूर भरला की विमानात दाराची पाटीसुद्धा दिसत नाही. म्हणून बसल्याबसल्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही आपत्कालीन दारांपर्यंत किती रांगा आहेत ते मोजून ठेवा. मागचं दार लोक विसरतात. कित्येकदा तेच जवळ असतं. वेळ आलीच तर वाकून, खुर्च्या चाचपत, तेवढ्या रांगा मोजत जायचं.

बूट उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायातच असू द्या. बॅगेचा मोह सोडा. मोठं प्रवासी विमान निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत रिकामं व्हावं, असा नियम आहे, आणि त्या हिशेबात कुणी वरचा कप्पा उघडत बसत नाही!

पाण्यावर उतरलात तर लाइफ जॅकेट आत फुगवू नका, दारातून बाहेर पडतानाच फुगवा. आत पाणी शिरलं तर फुगलेलं जॅकेट तुम्हाला छताशी अडकवून ठेवतं.