खेड्यातील मिशनकार्यात मुलांचे बेसबॉल कसे सुरू करावे

अशा कामाची सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून होते. मंडळीतून जुन्या बॅट आणि ग्लोव्ह (चेंडू झेलण्याचे हातमोजे) गोळा केले जातात, खोके गावात पोहोचते, आठ-दहा दिवस मैदान गजबजते आणि पाहुणे परतल्यावर ते सामान कोणाच्या तरी खोलीत धूळ खात पडते. म्हणून पहिल्या भेटीत बॅट नेऊच नये. पालक, शिक्षक, गावातील जाणती माणसे आणि विशेषतः आया यांच्याशी बोलून मुले शाळेत केव्हा जातात, शेतातल्या कामाला व पाणी आणायला त्यांचा किती वेळ जातो आणि धाकट्या भावंडांना कोण सांभाळते, हे आधी समजून घ्यावे. गावाची पहिली गरज पिण्याचे पाणी किंवा दवाखाना असेल, तर ती प्रामाणिकपणे मान्य करावी, कारण बेसबॉलने रस्ते दुरुस्त होत नाहीत. मुलांना नियमितपणाची सवय लागणे, तरुणांच्या अंगावर जबाबदारी पडणे आणि एरवी एकमेकांशी न बोलणारी घरे मैदानाच्या कडेला एकत्र बसणे, एवढे मात्र या खेळातून साधू शकते, आणि ते थोडे नाही.

आपण ख्रिस्ती मिशनकडून आलो आहोत, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे; ते लपवून केलेली सेवा पुढे विश्वासघात ठरते. त्याच बैठकीत खेळावर कोणतीही धार्मिक अट नसल्याचेही सांगावे. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी 2011 मध्ये ख्रिस्ती साक्षीविषयी, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगण्याविषयी, जे संयुक्त निवेदन काढले, त्यात लोकांच्या गरिबीचा व गरजांचा फायदा घेणे नाकारलेले आहे. मैदानावर याचा अर्थ असा की, प्रार्थना किंवा बायबलचा पाठ सरावाच्या वेळेत न ठेवता स्वतंत्र वेळी आणि पालकांच्या संमतीने ठेवावा, आणि बूट, खाऊ किंवा संघातील जागा यांचा उपस्थितीशी काहीही संबंध नसावा. उपासनेला कधीच न येणाऱ्या घरातील मूल संघाचे कर्णधार होऊ शकते का, या एका प्रश्नावरून आपली व्यवस्था कशी आहे ते कळते.

खेळ जागेप्रमाणे बेतण्यात कमीपणा नाही. बास्केटबॉल 1891 मध्ये आणि व्हॉलीबॉल 1895 मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्याच शिक्षकांनी आपापल्या व्यायामशाळेच्या गरजेतून घडवले. खेड्यात पहिले काही महिने ‘बेसबॉल फाइव्ह’ हा प्रकार सर्वांत सोयीचा ठरतो: प्रत्येक संघात पाच खेळाडू, रबरी चेंडू हातानेच मारायचा, बॅट नाही, ग्लोव्ह नाही आणि बॅटरकडे चेंडू टाकणारा पिचरही नाही. त्याचे वैध क्षेत्र 18 मीटर बाजूच्या चौकोनाचे असते आणि दोन बेसमधील (धावपटूने ओळीने गाठायच्या ठिकाणांमधील) अंतर 13 मीटर असते. धावणे, झेलणे, बाद करणे आणि बेस राखणे मुले येथेच शिकतात. त्यानंतर उभ्या दांडीवर, म्हणजे ‘टी’वर, चेंडू ठेवून बॅटने मारायला शिकवावे आणि पिचिंग सर्वांत शेवटी आणावे.

मुलांचे पूर्ण मैदान आखण्यासाठी दोरी व खुंट्या पुरतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन बेसमधील अंतर 60 फूट आणि पिचरपासून होम प्लेटपर्यंतचे, म्हणजे बॅटर जेथे उभा राहतो आणि धावपटू शेवटी जेथे परततो त्या जागेपर्यंतचे, अंतर 46 फूट ठेवतात. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंतचा कर्ण सुमारे 84 फूट 10 इंच येतो. आधी तो मोजून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. मग प्रत्येक टोकाला 60 फुटांची एकेक दोरी बांधून दोन्ही दोऱ्या एका बाजूला ताणल्या की त्या जेथे मिळतात तेथे पहिला बेस येतो, आणि दुसऱ्या बाजूला तसेच केले की तिसरा. जागेची निवड शक्य असेल तर होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे ठेवावी, म्हणजे दुपारनंतरचे ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येत नाही. बेस म्हणून माती भरलेली सपाट पोती चालतात, दगड किंवा विटा मात्र कधीही वापरू नयेत.

पैसे थोडे असतील तर आधी हेल्मेट घ्यावीत आणि ग्लोव्ह नंतर. बॅटर आणि तीन बेसवरील तीन धावपटू असा हिशेब केला तर किमान चार हेल्मेट लागतात. पुढच्या बॅटरने बॅट हातात न घेता आडोशामागे थांबावे. बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला जाळीचा मुखवटा व छातीचे कवच मिळेपर्यंत 142 ते 149 ग्रॅम वजनाचा कठीण चेंडू बाहेर काढू नये. (देणगीच्या खोक्यात डावखुऱ्या मुलांचे ग्लोव्ह जवळजवळ कधीच नसतात, ते मुद्दाम मागून घ्यावेत.)

प्रशिक्षकाची खरी परीक्षा पिचरच्या बाबतीत होते. एखादा मुलगा चांगला चेंडू टाकतो असे दिसले की सगळे सामने त्याच्याच हातून जिंकण्याचा मोह होतो आणि वाढत्या वयातील कोपर व खांदा त्याची किंमत मोजतात. अमेरिकेतील बालबेसबॉलमध्ये रूढ असलेली मर्यादा अशी आहे: सात-आठ वर्षांच्या मुलाने दिवसाला 50, नऊ-दहाच्या मुलाने 75 आणि अकरा-बाराच्या मुलाने 85 पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत. एका दिवसात 66 किंवा त्याहून अधिक चेंडू टाकल्यास पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. ही मोजदाद वहीत ठेवण्याचे काम एखाद्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला द्यावे. गणिताचा सरावही त्यात आपोआप होतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे कोणालाही मैदानावर येऊ देऊ नये.

मुलांच्या सुरक्षिततेत सर्वांत मोठा धोका चेंडूचा नसतो. कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलासोबत एकांतात राहू नये, प्रत्येक सरावाला किमान दोन प्रौढ हजर असावेत, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती मिशनच्या बाहेरची, शक्यतो गावातीलच एखादी विश्वासू स्त्री असावी व तिची ओळख सर्व मुलांना करून द्यावी. पालकांना विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत, आणि निधी जमवण्यासाठी मुलाच्या दारिद्र्याचे चित्र तर कधीच वापरू नये.

मुलींना ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला ठेवू नये. अमेरिकेतील लिटल लीग ही मुलांची बेसबॉल संघटना 1939 मध्ये सुरू झाली आणि तिची दारे मुलींना 1974 मध्ये उघडली, तीही न्यायालयीन लढ्यानंतर. तो विलंब आपण पुन्हा करण्याचे कारण नाही. सरावाची वेळ आणि स्वच्छतागृहाची सोय आयांना विचारूनच ठरवावी.

ज्या मुलांना प्रार्थनेच्या वेळी यायचे आहे, त्यांच्याशी थोडेच बोलावे. दहापैकी तीन वेळा यशस्वी ठरणारा बॅटर या खेळात उत्तम मानला जातो, आणि सहकाऱ्याला पुढे सरकता यावे म्हणून स्वतः बाद होणे पत्करण्याला येथे ‘सॅक्रिफाइस’ असेच नाव आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील घरी परतणाऱ्या मुलाचा दृष्टान्तही होम प्लेटच्या संदर्भात मुलांना सहज कळतो. परंतु प्रत्येक डावातून उपदेश काढण्याची सवय लागली की मुले ऐकेनाशी होतात. जिंकणे हा देवाचा आशीर्वाद, असे तर मुळीच सांगू नये, कारण त्या दिवशी हरलेल्या संघातील मुलेही तेथेच बसलेली असतात.

पहिल्याच महिन्यात गावातील तीन-चार तरुण निवडावेत, त्यात किमान एक तरुणी असावी. दुसऱ्या महिन्यात सराव त्यांनी घ्यावा व बाहेरून आलेल्याने शेजारी उभे राहावे. तिसऱ्या महिन्यात त्याने बाकावर बसावे आणि विचारल्याशिवाय बोलू नये, जे अनुभवी प्रशिक्षकाला फार जड जाते. पंचगिरी व गुणलेखनही याच तरुणांना शिकवावे. सामानाची नोंदवही व खोलीची किल्ली गावाने नेमलेल्या छोट्या समितीकडे असावी, फाटलेले ग्लोव्ह शिवण्याचा आणि रबरी चेंडूसाठी लाकडी बॅट घडवण्याचा मोबदला गावातीलच कारागिरांना मिळावा, आणि तडा गेलेली बॅट त्याच दिवशी बाद करावी. मिशनला पाठवायच्या अहवालात किती मुले आली याच्या आधी एक रकाना ठेवावा: आपल्यापैकी कोणीही हजर नसताना या महिन्यात किती दिवस खेळ झाला.