ब्रिटनमधील एअर पिस्तूल आणि एअर रायफल : कायद्याची रेषा कशी ओळखावी

भारतात नेमबाजी शिकलेला माणूस नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी इंग्लंडला गेला, की तिथल्या दुकानात एअर रायफल आणि एअर पिस्तूल शेजारी-शेजारी मांडलेली पाहून त्याला ती एकाच जातीची वस्तू वाटते. दोन्हींत दाबलेल्या हवेने छर्रा सुटतो, दोन्ही मर्यादेत असतील तर इंग्लंड आणि वेल्समध्ये परवाना लागत नाही, आणि 10 मीटरच्या स्पर्धेत दोन्हींचा छर्रा 4.5 मिलिमीटरचाच असतो. तिथल्या कायद्याच्या नजरेत मात्र या दोहोंमध्ये मोठे अंतर आहे. मर्यादा ओलांडलेली रायफल परवान्याच्या कक्षेत जाते, तर मर्यादा ओलांडलेले पिस्तूल थेट निषिद्ध शस्त्रांच्या यादीत जाते. शस्त्र विकत घेण्याआधी, भेट म्हणून स्वीकारण्याआधी किंवा त्याची स्प्रिंग बदलण्याआधी हा फरक नीट समजून घ्यावा, म्हणून ही माहिती क्रमाने देत आहे.

सुरुवात ऊर्जेपासून करावी. नळीच्या तोंडातून छर्रा बाहेर पडताना त्यात असलेली गतिज ऊर्जा हाच या कायद्याचा मुख्य निकष आहे. 1969 च्या नियमांनुसार पिस्तुलासाठी ही मर्यादा 6 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 8.1 ज्यूल आहे. पिस्तूल नसलेल्या इतर सर्व हवेच्या शस्त्रांसाठी ती 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16.3 ज्यूल आहे. या रेषेपलीकडचे शस्त्र ‘विशेष धोकादायक’ ठरते. खालच्या बाजूलाही एक रेषा आहे. 2017 पासून 1 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेने गोळी सोडू शकणारे नळीचे शस्त्र कायद्याने प्राणघातक मानले जाते, आणि म्हणून 1 ज्यूल ते 8.1 किंवा 16.3 ज्यूल या पट्ट्यातली शस्त्रे परवान्यातून मुक्त असली, तरी कायद्यातून मुक्त नाहीत. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरवर चालणारी शस्त्रेही 1997 पासून याच वर्गात मोडतात.

मर्यादा ओलांडल्यावर काय होते, हे समजण्यासाठी 1968 च्या शस्त्र कायद्यातली दोन कलमे एकत्र वाचावी लागतात. कलम 1 मध्ये परवान्याच्या कक्षेत येणारी शस्त्रे आहेत आणि त्यातून ‘एअर वेपन’, म्हणजे हवेचे शस्त्र, वगळले आहे. पण ‘विशेष धोकादायक’ ठरलेले शस्त्र त्या व्याख्येतून बाहेर पडते आणि साधे अग्निशस्त्र बनते. कलम 5 मध्ये निषिद्ध शस्त्रे आहेत. ज्याची नळी 30 सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीची आहे किंवा ज्याची एकूण लांबी 60 सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, असे प्रत्येक अग्निशस्त्र त्यात येते. सूट आहे ती एअर वेपन, नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची शस्त्रे आणि इशारा-पिस्तुले यांना. म्हणजे 6 फूट-पाउंड ओलांडलेले पिस्तूल सूट गमावते, आणि त्याची लांबी स्वाभाविकच कमी असल्यामुळे त्याच क्षणी कलम 5 मध्ये येऊन पडते. रायफल मात्र लांब असल्यामुळे तिथे अडकत नाही; ती कलम 1 मध्येच राहते आणि पोलिसांकडून प्रमाणपत्र घेऊन बाळगता येते. कायद्याने पिस्तुलाविरुद्ध काही विशेष आकस धरला आहे असे नाही. दोन स्वतंत्र नियमांच्या सांध्यातून हा परिणाम निघाला आहे. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत 1996 मध्ये झालेल्या गोळीबारानंतर आलेल्या 1997 च्या कायद्यांनी हातशस्त्रांवर बंदी आणली, आणि लांबीच्या मोजमापाने बंदी घालण्याची ही पद्धत त्यांतूनच आली.

परिणामांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. 12 फूट-पाउंडपेक्षा जास्त ऊर्जेची रायफल हवी असेल, तर अर्जात ती का हवी याचे सबळ कारण द्यावे लागते, ती सुरक्षित कुठे ठेवणार ते दाखवावे लागते, आणि पोलिसांची तपासणी झाल्यावर पाच वर्षांचे प्रमाणपत्र मिळू शकते. हा मार्ग वेळखाऊ आहे, पण मोकळा आहे. 6 फूट-पाउंडपेक्षा जास्त ऊर्जेच्या पिस्तुलाला सामान्य माणसासाठी असा कोणताही मार्ग नाही. प्रौढ व्यक्तीकडे ते सापडल्यास, अपवादात्मक परिस्थिती नसेल तर न्यायालयाला किमान पाच वर्षांची शिक्षा द्यावी लागते. ‘मला ते मोजता आले नाही’ हे त्यात कामी येत नाही. पुढचा मुद्दा म्हणूनच फार महत्त्वाचा आहे.

पिस्तूल कशाला म्हणायचे, याची लांबीत मोजलेली व्याख्या कायद्यात नाही. शस्त्राची घडण पाहून, म्हणजे ते एका हाताने धरून झाडण्यासाठी बनवले आहे का, हे पाहून निर्णय घेतला जातो. सर्वसाधारण वस्तूंबाबत शंका येत नाही. शंका येते ती मधल्या वस्तूंबाबत : ज्याला खांद्याचा दस्ता जोडता येतो असे पिस्तूल, किंवा दस्ता काढून टाकल्यावर पिस्तुलासारखी धरता येणारी छोटी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल. माझे मत असे, की दस्ता सहज निघत असेल तर ती वस्तू पिस्तूलच समजावी आणि तिला 6 फूट-पाउंडचीच मर्यादा लावावी. दस्ता जोडून आपली मर्यादा दुप्पट झाली, असा सोयीचा अर्थ काढणाऱ्याला हा वाद पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात घालावा लागेल, आणि तिथे पणाला लागते ती किमान पाच वर्षांची शिक्षा. उलट दिशेनेही सावध राहावे. प्रमाणपत्रावर घेतलेल्या जास्त ऊर्जेच्या रायफलीची नळी कापून 30 सेंटिमीटरच्या खाली आणली, तर ती ‘रायफल’ म्हणून वाचत नाही. लांबीच्या नियमाने ती निषिद्ध होते. 12 फूट-पाउंडच्या आतली छोटी रायफल मात्र एअर वेपनच राहते, तिची नळी कितीही आखूड असो.

आता मोजणी. क्रोनोग्राफ नावाचे उपकरण छर्‍याचा वेग मोजते. अनेक नेमबाजी क्लबांत आणि नोंदणीकृत विक्रेत्यांकडे ते असते. छर्‍याचे वस्तुमान डब्यावर ग्रेनमध्ये लिहिलेले असते आणि 1 ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. ग्रॅमला 1000 ने भागून किलोग्रॅम करावे, त्याला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि उत्तर निम्मे करावे, की ज्यूलमध्ये ऊर्जा मिळते. उदाहरणार्थ, पिस्तुलातून 7 ग्रेनचा छर्रा सेकंदाला 180 मीटर वेगाने सुटला, तर ऊर्जा सुमारे 7.3 ज्यूल होते, म्हणजे मर्यादेत. तोच छर्रा 190 मीटर वेगाने सुटला, तर ती सुमारे 8.2 ज्यूल होते, म्हणजे मर्यादेबाहेर. फक्त दहा मीटरच्या फरकाने वस्तूचे कायदेशीर स्वरूप बदलते. रायफलीत 8.4 ग्रेनच्या छर्‍यासाठी 240 मीटरला सुमारे 15.7 ज्यूल येतात आणि 245 मीटरला सुमारे 16.3, म्हणजे अगदी रेषेवर, किंचित पलीकडे.

एकाच छर्‍याने मोजून थांबू नये. नियमातले शब्द ‘सोडण्यास समर्थ’ असे आहेत, त्यामुळे तुम्ही रोज वापरता तो छर्रा नव्हे, तर त्या शस्त्रात बसू शकणारा कोणताही छर्रा ऊर्जा ओलांडतो का, हे पाहिले जाते. स्प्रिंग आणि दट्ट्यावर चालणाऱ्या शस्त्रांत सहसा हलका छर्रा जास्त ऊर्जा देतो, तर आधीच हवा भरून ठेवलेल्या शस्त्रांत सहसा जड छर्रा; म्हणून दोन्ही टोकांचे छर्रे घेऊन प्रत्येकी निदान दहा-दहा बार मोजावेत आणि सर्वांत मोठा आकडा लक्षात घ्यावा. नवी स्प्रिंग बसवली, दट्ट्याचे वॉशर बदलले किंवा नळी आतून साफ केली, तरी पुन्हा मोजावे. जुनी, कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली शस्त्रे हाताळताना तर मोजणीशिवाय पुढे जाऊ नये, कारण आधीच्या मालकाने आत काय बसवले आहे, हे बाहेरून दिसत नाही.

ऊर्जेशी काहीही संबंध नसलेला एक अपवाद सांगायला हवा. काडतुसासारख्या छोट्या नळकांड्यात हवा भरून, प्रत्येक बाराला नवे नळकांडे घालण्याची एक पद्धत होती. अशा स्वयंपूर्ण वायू-काडतुसांवर चालणारे शस्त्र 2004 पासून निषिद्ध आहे, मग ते पिस्तूल असो वा रायफल. त्या वेळी ठरावीक मुदतीत प्रमाणपत्र घेतलेल्या जुन्या मालकांनाच ते ठेवता आले. असे शस्त्र आज कुणी स्वस्तात देऊ केले, तर हात लावू नये.

खरेदीच्या वेळी पिस्तूल आणि रायफल यांत फरक नाही. 1 ऑक्टोबर 2007 पासून व्यापारी विक्री समोरासमोरच करावी लागते आणि विक्रेता नोंदणीकृत असावा लागतो. दुरून मागवलेले शस्त्र तुमच्या गावातल्या दुसऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे पाठवले जाते आणि तो ते प्रत्यक्ष हाती देतो. विकत घेणाऱ्याचे वय 18 पूर्ण असले पाहिजे. 14 ते 17 वयाची मुले स्वतः विकत घेऊ शकत नाहीत, पण खासगी जागेत जागामालकाच्या परवानगीने दुसऱ्याचे शस्त्र वापरू शकतात. 14 वर्षांखालील मुलाला 21 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच नेमबाजी करता येते. घरात मुले असतील, तर 2011 पासून आणखी एक जबाबदारी आली आहे : 18 वर्षांखालील व्यक्तीच्या हाती शस्त्र लागू नये, यासाठी वाजवी खबरदारी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कुलूपबंद पेटी आणि वेगळीकडे ठेवलेली किल्ली एवढी साधी व्यवस्थाही पुरते, पण ती असलीच पाहिजे.

बागेत सराव करताना छर्रा आपल्या हद्दीबाहेर जाता कामा नये; शेजाऱ्याची परवानगी नसताना तो कुंपण ओलांडून गेला, तर तो मोठ्यांसाठीही गुन्हा आहे. रस्त्याने नेताना शस्त्र झाकून आणि रिकामे ठेवावे. सार्वजनिक जागी वाजवी कारणाशिवाय एअर वेपन बाळगणे हा, ते भरलेले नसले तरी, गुन्हाच आहे. व्यवहारात इथे पिस्तुलाबाबत जास्त काळजी लागते, कारण ते खिशात मावते, दुरून खऱ्यासारखे दिसते, आणि पाहणारा घाबरून पोलिसांना बोलावतो.

वर सांगितलेले बरेचसे नियम इंग्लंड आणि वेल्समध्ये तसेच्या तसे लागू आहेत. सीमा ओलांडली की चित्र बदलते. स्कॉटलंडमध्ये 31 डिसेंबर 2016 पासून मर्यादेतल्या पिस्तुलाला आणि रायफललाही एअर वेपनचे प्रमाणपत्र लागते, आणि पाहुणा म्हणून शस्त्र घेऊन जाणाऱ्याला आधी पाहुण्यांचा परवाना काढावा लागतो. मँचेस्टरहून ग्लासगोच्या क्लबात गाडीने जाणाऱ्याने, डिकीत काय आहे, हे निघण्यापूर्वीच आठवावे. उत्तर आयर्लंडमध्ये तर 1 ज्यूलपुढच्या हवेच्या शस्त्रालाच प्रमाणपत्र लागते.

भारतातली सवय इथे नेमकी कुठे दगा देते, हेही सांगितले पाहिजे. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेचे आणि 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटर, बोअरपर्यंतचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) हवेचे शस्त्र परवान्याशिवाय चालते, आणि ऊर्जेची ही मर्यादा पिस्तूल व रायफल यांना सारखीच आहे. ब्रिटनमध्ये बोअरला असे महत्त्व नाही, 0.22 इंच बोअरची रायफल तिथे सर्रास विकली जाते, जी भारतात परवान्याशिवाय चालत नाही. पण पुण्यात किंवा कोल्हापुरात परवान्याशिवाय चालणारी 18 ज्यूलची रायफल इंग्लंडमध्ये कलम 1 चे अग्निशस्त्र ठरते, आणि भारतात बिनधास्त चालणारे 10 ज्यूलचे पिस्तूल इंग्लंडमध्ये निषिद्ध असते. म्हणून गावाकडचे शस्त्र सामानात घेऊन जाण्याचा विचार करू नये. 10 मीटरच्या स्पर्धेसाठी बनवलेली पिस्तुले आणि रायफली या मर्यादांच्या बऱ्याच आत असतात, त्यामुळे स्पर्धेच्या नेमबाजाला अडचण येत नाही. अडचण येते ती ‘जास्त जोराची’ वस्तू हवी असणाऱ्याला. असा ग्राहक समोर आल्यावर मी एकच सल्ला देतो : जोर हवा असेल तर रायफल घ्या आणि रीतसर प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, पण पिस्तुलाची स्प्रिंग बदलू नका.