पहाटे तीनला जाग येते? चाळिशीनंतर मन सांभाळायचं ते इथूनच

द्राक्षबागेचं कर्ज, नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यातली बदलती पाळी, आईचे गुडघे, मुलांची फी. पंचेचाळिशीच्या आसपास सगळं एकदम अंगावर येतं आणि दिवसा बाजूला सारलेली काळजी पहाटे उठवते. मनाची उभारी टिकवायची तर आधी झोप सावरा.

झोपण्याची नव्हे, उठण्याची वेळ पक्की करा. साडेपाच म्हणजे साडेपाच, रविवारीसुद्धा. पाळी बदलत असेल तर निदान त्या आठवड्यापुरती. रात्र वाईट गेली म्हणून आठपर्यंत लोळलं की पुढची रात्रही बिघडते. शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरताना उत्तररात्री हमखास जाग येते.

संध्याकाळी जेवणाआधी १५ मिनिटं वही घेऊन बसा. डावीकडे काळजी लिहा, उजवीकडे त्यासाठी उद्या करायचं सर्वांत छोटं काम. ‘कर्जाचं काय होणार?’ यासमोर ‘अकरा वाजता बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून मिळेल का विचारणे’. अवकाळी पावसासमोर ‘हातात नाही’ एवढंच लिहून पुढे जा. बहुतेकांचं चुकतं ते इथे: वही अंथरुणात उघडली जाते आणि मग पाठ टेकली की विचार सुरू, अशी सवयच लागते.

तरीही जाग आलीच तर घड्याळ, मोबाइल बघू नका. अंदाजे २० मिनिटं तळमळलात की उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. पहिला आठवडा खरोखर जड जातो, दिवसा पेंग येते. तेव्हा घाटातून गाडी चालवणं टाळा. दोन-तीन आठवडे चिकाटी सोडू नका.

सकाळी नाशिकमधला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा घराजवळचं मैदान गाठा. अर्धा तास भरभर, आठवड्यातून पाच दिवस, शक्यतो सोबतीने.

मोठ्याने घोरणं, सततचा थकवा किंवा मासिक पाळी जाण्याच्या वयात घामाने जाग येणं याला वही पुरणार नाही. डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायचं का ते विचारा. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट बघू नका: घरातल्या कुणाला तरी उठवा आणि फोन लावा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका.