स्प्रिंग बदलल्या, आता अलाइनमेंट

आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे ते कोन पुन्हा जुळवणं, लागतं. कॅम्बर (चाकाचा उभा कल) निगेटिव्हकडे जातो, म्हणजे चाकांचे माथे आत झुकतात. सोबत टो, म्हणजे वरून बघता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत, तोही बिघडतो. टायर खातो तो मुख्यतः टोच. माझ्या पुढच्या टायरांची आतली कड महिनाभरात करवतीसारखी झाली होती. वरून हात फिरवला तर गुळगुळीत, आतून बोटाला खरखर.

लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर, वजन पूर्ण आलेलं, मगच ठरलेल्या टॉर्कने (जोराने) आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

मग गाडी दोनतीनशे किलोमीटर चालवून स्प्रिंगना बसू द्या. तोवर टो नजरेने तरी सरळ असू द्या.

अलाइनमेंट मशीनवर चढवण्याआधी टायरची हवा तपासा. आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरच्या खांबाच्या) खालच्या दोन बोल्टांच्या भोकात थोडी ढिलाई असेल तर कॅम्बर तेवढ्यावर भागतो, नाहीतर कॅम्बर बोल्ट, म्हणजे कॅम्बर बदलता येणारे खास बोल्ट, घ्या. टो लावताना स्टिअरिंग सरळ लॉक केलंय ना, स्वतः बघा. आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. ‘स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे मर्यादेत, आलं’ एवढ्यावर मी तरी निघत नाही.

गाडीसोबत हेडलाइटही आता खाली आलेत, त्यांचा झोतही लावून घ्या.