लाकडी बाहुलीचा हात सारखा खाली पडायचा, तो कसा थांबवला (माझा अनुभव)

सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच, जड मानाची काठी, पेलणारा बाराबंदीतला (पांढऱ्या पारंपरिक पोशाखातला) माणूस, हे कॅरेक्टर डिझाईन करायचं होतं. कागदावर खांदा आणि कमरेचा तोल काही केल्या जमेना, म्हणून म्हटलं सांध्यांची लाकडी बाहुलीच बनवू, ती हवी तशी वळवून स्केच करता येईल.

उंची ३० सेंमी धरली. मोठ्या माणसाचं शरीर साधारण साडेसात डोकी उंच काढतात म्हणून डोकं ४ सेंमीचं. सागाचे तुकडे सुताराकडून आणले, सांध्याला लाकडी मणी बसवले आणि आतून गोल इलॅस्टिक ओवलं.

पण हात वर केला की दोन मिनिटांत खाली! इलॅस्टिक ताणलं तर उलट हात झटकन सरळ व्हायचा. मग कळलं की ताण कमी नव्हताच, मी मणी आणि खोबण घासून घासून इतके गुळगुळीत केले होते की पकडच उरली नव्हती, आणि पोझ टिकते ती घर्षणावर.

चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडून पातळ चामड्याची कात्रण आणली, खरखरीत बाजू वर ठेवून खोबणीत फेव्हिकॉलने चिकटवली, रात्रभर वाळू दिली. खोबण जरा खोल करावी लागते बरं का, नाहीतर मणी बाहेर येतो. गुडघ्याला मात्र मणी नको, तिथे बिजागरीसारखा सांधा करा, गुडघा एकाच दिशेला वळतो ना.

आता माझा लाकडी बाराबंदीवाला दोन्ही हात वर करून तासभर उभा राहतो. काल त्याच्या हातात बांबूची काडी दिली आणि तोल सांभाळताना कंबर कुठे जाते ते पहिल्यांदा नीट दिसलं, एका बैठकीत अकरा स्केचेस झाली.